पायी फिरणारे वकीलसाहेब

जुन्नरच्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला, की मी त्याला पहिल्यांदा सांगायची, "चपला बाहेर काढू नका. साहेब कधीही निघतील." त्याला वाटायचं, साहेबांना कोर्टात जायचं असेल. पण साहेब निघायचे ते त्याच्याशीच बोलायला. जिना उतरून, खालच्या सिमेंटच्या दुकानावरून, बाजारपेठेतून थेट शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत आणि परत. तेवढ्यात सल्ला देऊन व्हायचा. एका पतसंस्थेचे चेअरमन अंगानं चांगले भरलेले होते. ते अर्ध्या वाटेत एका पारावर बसले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, न्हाई देत मी त्याला कर्ज. पन आता थांबा राव."

साहेबांचं काम बँकांचं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या बँका, पतसंस्था जमीन तारण घ्यायच्या आधी त्यांच्याकडे फाईल पाठवत. जमीन खरंच कर्ज मागणाऱ्याची आहे का, तिच्यावर आणखी कुणाचा हक्क आहे का, हे जुने कागद चाळून साहेबांनी सांगायचं. त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. त्यावर साहेबांची सही असली की बँक डोळे मिटून पुढे जायची. ज्या वकिलांवर बँकेचा असा विश्वास असतो त्यांची नावं बँकेच्या यादीत असतात. त्या यादीला पॅनेल म्हणतात आणि आमच्याकडे पॅनेलवर असणं म्हणजे जन्माची भाकरी.

मी पुण्याहून एलएलबी होऊन आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मुलाखतीला गेले तर खोलीत खुर्च्या चार आणि साहेब खिडकीशी. मी बसू की नको, अशी उभी. त्यांनी एक सातबारा माझ्या हातात दिला. "वाचा."

मी मालकाच्या नावापासून सुरुवात केली.

"तिथून नाही. उजवीकडून. मालक डावीकडे मोठ्या अक्षरात बसलेला असतो, तो कुठे पळत नाही. उजव्या रकान्यात बघा कोण कोण कोंबलंय. जमीन कसणारं कूळ, वाटेकरी, विधवा बहीण."

मग एकदम थांबून विचारलं, "डिंगोऱ्याच्या तुम्ही. कुठल्या आळीच्या?"

हा प्रश्न मी कॉलेजात बऱ्याच गोड आवाजांत ऐकला होता. मी सरळ सांगितलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला. घरची जमीन वतनाची.

"मग बरं झालं," साहेब म्हणाले. "वतनाच्या जमिनीचा कायदा मला पुस्तकातून शिकावा लागला. तुम्हाला घरी माहीत असेल. सोमवारी या. बूट घालून या."

घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "वकिलाकडं नोकरी लागली का एसटीत?"

साहेबांचा कोट काळा आणि बूट कॅनव्हासचे. चहा उभ्यानं. पत्र सांगायचं तर माझ्या टाइपरायटरभोवती फेऱ्या मारत, आणि ते पाठीमागे गेले की आवाज कमी व्हायचा, त्यामुळे माझ्या पहिल्या महिन्यातल्या प्रत्येक पत्राची मधली ओळ चुकलेली आहे. एसटीत जागा मिळाली तरी ते दारापाशी उभे राहत आणि गाव यायच्या अलीकडेच उतरत. घरी जेवताना भात वाढेपर्यंत अंगणात एक चक्कर व्हायची. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, एकदा मला म्हणाल्या, "लग्नात ह्यांनी एकच विधी मन लावून केला. सप्तपदी. तोही सात पावलांवर थांबवावा लागला."

त्यांचा नियम एकच होता. कागद कितीही स्वच्छ असोत, जमीन पाहिल्याशिवाय सही नाही. जमिनीच्या मालकाला ते काही विचारत नसत. शेजारच्या शेतात जायचे आणि विचारायचे, "इथं रात्री डुकरं येतात का? राखणीला कोण असतं?" राखण करणाऱ्याचं नाव कागदावर नसलं की फाईल परत जायची.

यंत्रांचंही तेच. नारायणगावला एका द्राक्षवाल्यानं कोल्ड स्टोरेज बांधलं होतं, त्यातली यंत्रं तारण ठेवून त्याला कर्ज हवं होतं. यंत्र त्याच्याकडेच राहतं आणि बँकेचा हक्क नुसता कागदावर, अशा व्यवहाराला नजरगहाण म्हणतात. बँकेचा अधिकारी शेडच्या बाहेर उभं राहून आतली घरघर ऐकून खूश होता. साहेब म्हणाले, "नजरगहाण आहे ना? मग नजर टाकू." आणि दार ढकलून आत. आत पिठाच्या गिरणीची एक मोटर जमिनीवर ठेवलेली आणि ती एकटीच फिरत होती. द्राक्षवाला शांतपणे म्हणाला, "बाकीचं येनार हाय साहेब. आवाज आदी आणलाय."

अशा गोष्टींवर आम्ही हसत होतो. बँकाही तक्रार करत करत हसत. "तुमचा वकील लई फिरतो," असं मला बँकेतले लोक म्हणायचे, पण फाईल आमच्याकडेच यायची.

मग तळेघरची फाईल आली.

बँकेचे मॅनेजर स्वतः घेऊन आले. भीमाशंकरच्या वाटेवर तळेघरजवळ एक डोंगरउतार होता. पुण्याचे एक बिल्डर तिथं हॉटेल आणि बंगले बांधणार होते. "कागद एकदम क्लिअर आहेत," मॅनेजर म्हणाले. "आधीच्या मालकानं घेतली तेव्हाचा सर्च रिपोर्टपण आहे. शनिवारी बोर्डाची मीटिंग आहे साहेब. एवढं करा."

साहेबांनी फाईल उघडली, चाळली आणि मधल्या एका झेरॉक्सवर थांबले. थांबले म्हणजे खरोखरचे थांबले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी फाईल बंद केली आणि मॅनेजरना न सांगता जिना उतरून गेले.

दोन दिवस ते ऑफिसात टिकेनात. यायचे, फाईलवर हात ठेवायचे, जायचे. विचारलं तर "बघू." वहिनींनी विचारलं, "ऑफिसात काही झालंय का? घरी हे ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतायत." मी फाईल उघडून पाहिली. ते झेरॉक्स वीसएक वर्षांपूर्वीच्या त्या सर्च रिपोर्टचं. 'सदर जमिनीवर कोणतेही कूळ नाही.' खाली सही साहेबांची.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं. आपल्याच साहेबांनी पाहिलेली जमीन, काम लवकर होईल.

तिसऱ्या दिवशी आम्ही घोडेगावला गेलो आणि तिथून तळेघरची गाडी धरली. उतरल्यावर ओढा ओलांडून बराच चढ. भाताची खाचरं पिवळी पडायला लागली होती आणि वर उतारावर नाचणी उभी होती. राखणीच्या माळ्यावर एक म्हातारी गोफण घेऊन पाखरं हाकत होती. सून खाली गवत कापत होती.

मी डुकरांच्या प्रश्नाची वाट पाहत होते. साहेबांनी तो विचारलाच नाही. म्हणाले, "बाई, धोंडूचं शेत हेच का?"

मी चमकले. धोंडू हे नाव त्या फाईलमधल्या एकाही कागदावर नव्हतं.

म्हातारी माळ्यावरून खाली उतरली. "तुमी वळखता ह्यांना?"

"नाव वाचलंय."

"कुटं वाचलं?" ती अगदी जवळ आली. "ह्यांचं नाव तर कुटंच न्हाई म्हनत्यात. चार वर्सं झाली त्यांना जाऊन. मरस्तवर तलाठ्याकडं खेटे घातले. आमी तीन पिढ्या कसतोय हितं. त्यो म्हनायचा, कुळात तुझं नाव कदी नव्हतंच. शेवटी शेवटी तर ह्येच मला इचारायचे, खरंच व्हतं का गं? का माज्याच डोक्यात हाय?"

साहेब बांधावरून भराभर चालत पार पलीकडच्या टोकाला गेले आणि तिथं आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. सून मला म्हणाली, "ताई, त्यांना बरं न्हाई का?"

परतीच्या गाडीत दारापाशी उभं राहून, बाहेर बघत, त्यांनी मला सांगितलं. ते जुनं झेरॉक्स म्हणजे त्यांच्या वकिलीतला पहिला सर्च रिपोर्ट होता. त्यासाठी त्यांनी घोडेगावला सातबाऱ्याचा सही-शिक्क्याचा उतारा काढला होता आणि त्याच्या उजव्या रकान्यात कूळ म्हणून धोंडूचं नाव होतं. तलाठी म्हणाला, ते कूळ कधीच गाव सोडून गेलं. साहेबांनी तसंच लिहून दिलं. पुढं सातबाऱ्याची वही नव्यानं लिहिली गेली तेव्हा ते नावही गळालं. कुणी गाळलं, कसं गाळलं, त्याची कुठंही नोंद नाही. आणि तहसिलातली जुनी वही आता वाळवीनं खाल्लेली.

"मग संपलंच की," मी म्हटलं.

"तो उतारा माझ्या ट्रंकेत आहे," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिपोर्ट सांगायला घेतला. जमिनीवर कूळ आहे, तारण घेऊ नये. इथवर मी न चुकता टाइप केलं. मग ते माझ्या पाठीमागे गेले, पण आवाज कमी झाला नाही. "मी पूर्वी दिलेला रिपोर्ट चुकीचा होता. कुळाची नोंद दिसत असूनही मी ती डावलली. तो रिपोर्ट मी मागे घेत आहे."

मी हात उचलले. "साहेब, हे नको."

"टाइप करा."

"तारण घेऊ नका एवढं सांगितलं की झालं ना? तुमचं जुनं कशाला उकरायचं? उद्या एक बँक काढेल, परवा दहा काढतील. ह्या ऑफिसात मीपण आहे. माझ्या घरी मी एकटी कमावतेय."

हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आणि आजही त्याची लाज वाटत नाही. भीती खरी होती.

साहेब टेबलाला वळसा घालून समोर आले. "वकीलबाई, मी नाही म्हटलं तर बँक दुसरा वकील करेल. तो कुठं जाणार नाही. माझाच जुना रिपोर्ट वर लावेल आणि खाली सही करेल. त्या बाईच्या आड येणारा सगळ्यात पक्का कागद माझा आहे. तो मीच फाडला पाहिजे."

मी टाइप केलं. त्या ओळीत एकही चूक झाली नाही, तेही मला बोचलं.

पंधरा दिवसांत बँकेचं पत्र आलं, आपली सेवा यापुढे आवश्यक नाही. मग एकेक पतसंस्था. कुणी पत्र पाठवलं, कुणी नुसतंच फाईल पाठवणं थांबवलं. पारावर बसणारे चेअरमन तेवढे स्वतः आले आणि म्हणाले, "साहेब, माझं काय न्हाई, पन बोर्ड ऐकत न्हाई." बाररूममध्ये लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. स्वतःच्या हातानं स्वतःची चूक कोण लिहून देतं?

आणि एका दुपारी साहेब नसताना मॅनेजर माझ्याकडे आले. या वेळी ते निवांत बसले. "मॅडम, तुमच्या नावानं पॅनेल देतो. तुमच्यासारख्या मुलींनी पुढं यायला पाहिजे. पहिली फाईल तीच. काही विशेष नाही, फक्त आताचा सातबारा बघून लिहायचं."

आताच्या सातबाऱ्यावर कूळ नव्हतं, हे खरंच होतं. माझ्या रिपोर्टमधलं एक अक्षरही खोटं ठरलं नसतं. मी त्यांना दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मीही ओट्यापासून दारापर्यंत चालले. वडिलांना सांगितलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मला माहीत होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. डिंगोऱ्यात पहिल्या बौद्ध मुलीच्या नावाची पाटी, बँकेचं पॅनेल, हे सगळं डोळ्यांपुढं येत होतं. शेवटी मी नाही म्हटलं. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. मी ती नाचणी पाहिली होती एवढंच. पाहिली नसती तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

म्हातारीच्या वतीनं कूळ ठरवण्याचा अर्ज घोडेगावला तहसीलदारांपुढे दाखल झाला. जुना उतारा पुराव्यात द्यायचा म्हणजे तो काढणाऱ्यानं साक्ष द्यायला हवी, आणि जो साक्षीदार तो त्या कामात वकील राहू शकत नाही. म्हणून वकील मी. माझं पहिलं स्वतंत्र काम, आणि साक्षीदार माझे साहेब.

"बँकेला मी आता काय लिहिलं ते तिथं निघणार नाही," त्यांनी मला बजावलं. "तो बँकेचा कागद. सरकारी उतारा कुणालाही मिळतो, तेवढाच काढायचा. पण माझा जुना रिपोर्ट समोरचे काढणारच, म्हणून एक प्रश्न तुम्हीच विचारा, त्यांच्या आधी." कुठला, ते दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी तहसीलदारांच्या दालनात पुण्याचे वकील, बिल्डरचा माणूस, म्हातारी आणि सून. साहेब साक्ष देताना दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. तहसीलदार वैतागून म्हणाले, "वकीलसाहेब, एका जागी उभे राहा. मला लिहून घ्यायचंय."

उतारा दाखवून झाला. मग मी विचारलं. "ह्या उताऱ्यावर कुळाचं नाव दिसत असताना तुम्ही 'कूळ नाही' असं का लिहून दिलंत?"

साहेबांनी माझ्याकडे नाही, म्हातारीकडे पाहिलं. "चालायचा कंटाळा केला. तलाठ्यानं चहा पाजला आणि म्हणाला, कूळ गेलंय. वर चढून जाऊन आलो असतो तर शेवटची गाडी चुकली असती. त्यानं जे सांगितलं ते मला ऐकायचंच होतं."

पुण्याचे वकील उठले. "म्हणजे तुम्ही खोटं लिहिता?"

"लिहिलं होतं."

"मग तेव्हा खोटं की आता?"

"तेव्हा. आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे? होतं ते सगळं गेलंच."

तहसीलदारांनी मान वर केली आणि हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. समोरच्यांनी प्रांतांकडे अपील केलं, तिथंही तो टिकला. यात तीन वर्षं गेली. बिल्डरनं तोवर दुसरीकडे जागा पाहिली होती. साहेबांचं ऑफिस एका खोलीचं झालं होतं आणि त्यात मी होते, टाइपरायटर होता आणि बँकेचं एकही काम नव्हतं. पुढं मला हळूहळू कामं मिळाली, आधी गावातल्या लोकांची, मग मंचरच्या एका नव्या बँकेची. साहेब शेवटपर्यंत कुठल्याच पॅनेलवर परत आले नाहीत. लोकांच्या वाटण्या, वारसनोंदी करत राहिले आणि दोन हजार सात-आठच्या सुमारास, हातात कुणाची तरी फाईल घेऊन चालता चालता, हृदयविकारानं गेले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अंथरुणावर पडून राहिले असते तर मीच वेडी झाले असते."

पण मला सांगायचंय ते निकालाचा कागद द्यायला आम्ही तळेघरला गेलो त्या दिवसाचं.

म्हातारी खाचराच्या बांधावर होती. साहेबांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं हात पदराला पुसून तो घेतला, उलटा धरला, सुनेनं सरळ करून दिला. साहेब समजावून सांगायला लागले, आता सातबाऱ्यावर तुमचं नाव येईल, मुलाचं येईल, दोन्ही लेकींचं येईल.

"आन ह्यांचं?"

"गेलेल्या माणसाचं नाव लागत नाही, बाई. वारसांचं लागतं."

ती कागदाकडे बघत म्हणाली, "म्हंजी जित्तेपनी नव्हतं, आन आता मेले म्हनून न्हाई."

मला वाटलं, साहेब आता बांधावरून चालायला लागतील. त्यांनी तिच्या हातातून कागद घेतला, पानं उलटली, बोटानं एक ओळ धरली आणि मोठ्यानं वाचली. "मयत धोंडू राघू हे सदर जमिनीचे कायदेशीर कूळ होते, असे सिद्ध होते."

"व्हते म्हनतंय?"

"होते म्हणतंय. सरकारनं लिहिलंय."

"ऐकलंस का गं," ती सुनेला म्हणाली. "म्हनत व्हते ह्ये. डोक्यात नव्हतं ह्यांच्या, खरं व्हतं." मग साहेबांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "लई उशीर केला तुमी, वकील."

"हो, बाई."

साहेबांनी आणखी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं.

म्हातारी बांधावर बसली, पाय खाचरात सोडले. "परत वाचा," ती म्हणाली. "दमानं वाचा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.